दोर वजनाने नाही, हिसक्याने तुटतो

झाड उतरवताना दोर तुटला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘दोर कच्चा होता.’ आज आपण त्याचा हिशेब मांडून बघू.

घराला खेटून उभं असलेलं झाड सरळ पाडता येत नाही. शेंड्याकडून एकेक ओंडका कापून दोराने खाली सोडतात. कप्पी कापाच्या खाली बांधलेली असते, त्यामुळे ओंडका आधी मोकळा पडतो, मग दोर त्याला पकडतो. समजा, १०० किलोचा ओंडका २ मीटर पडला आणि दोराने तो २० सेंटिमीटरमध्ये थांबवला. दोरावर सरासरी ११०० किलोचा ताण येतो. कप्पीच्या दोन्ही बाजूंनी दोर ओढतो, म्हणून तिच्या बांधणीवर जवळपास दुप्पट! तोच ओंडका १ मीटर सरकत थांबू दिला, तर दोरावर ३०० किलोच येतात.

नोकरीत असताना अशा एका प्रकाराची चौकशी माझ्याकडे आली होती. छावणीतला निलगिरी, ठेकेदाराची माणसं. चार ओंडके नीट उतरले, पाचव्याला दोर गाठीपाशी तुटला. खाली कोणी नव्हतं. पण वर पट्ट्याने बांधलेला माणूस होता, आणि तुटलेलं टोक त्याच्या कानाजवळून गेलं. सगळे एकच सांगत होते, ‘साहेब, चार वेळा टिकला होता की!’

गोम तिथेच होती. दोराचं खालचं टोक बुंध्याला पक्कं बांधलेलं, सरकायला वावच नाही. प्रत्येक हिसका दोराची थोडी ताकद खात गेला. गाठीने तर साधारण तिसरा हिस्सा आधीच कमी केला होता. दोरावर लिहिलेली ताकद नव्या, बिनगाठीच्या दोराची असते. हा तर कित्येक महिने उन्हात पडलेला.

म्हणून ओंडके लहान कापा. बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन दोर हळूहळू सरकू द्या. हातमोजे घाला, पण दोर हाताला कधीही गुंडाळू नका. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभे राहू नका. कामाआधी दोर हातातून फिरवून बघा. कडक, चकचकीत किंवा बारीक झालेला भाग लागला, तर तो दोर बाद.

आणि जबर हिसका खाल्लेला दोर कोठीत परत ठेवू नका. त्याचे तुकडे करा. नाहीतर उद्या कोणीतरी तो अख्खा समजून वर घेऊन जाईल.