अर्भक-निरीक्षण उपकरणे

नवजात व एक वर्षापर्यंतच्या बालकाचा श्वसनवेग, नाडी, शरीराचे तापमान, रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण यांपैकी एक वा अधिक राशी मोजून धोक्याची सूचना देणारी साधने. सूक्ष्मप्रक्रियक व बिनतारी संपर्काची सोय असलेल्यांना ‘स्मार्ट’ म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि सूचना केव्हा द्यावी व ती मिळाल्यावर कोणी काय करावे, हाच अभिकल्पातील सर्वांत बिकट प्रश्न होय.

निरोगी नवजाताचा श्वासही अधूनमधून काही सेकंद थांबतो. म्हणून तो २० सेकंद वा अधिक काळ थांबल्यास, किंवा त्याहून कमी काळ थांबूनही नाडी मंदावल्यास वा त्वचा निळसर पडल्यास, विकार समजतात. पल्स ऑक्सिमीटरमध्ये (तत्त्व : जपानी अभियंते ताकुओ आओयागी, १९७४) बाळाच्या पावलातून तांबडा व अवरक्त प्रकाश पाठवून त्यांच्या शोषणाच्या गुणोत्तरावरून ऑक्सिजनचे प्रमाण काढतात. बाळाने पाय झाडल्यास किंवा पाऊल गार पडल्यास मापन चुकते. गडद त्वचेत आकडा वास्तवापेक्षा अधिक दिसू शकतो, ही उणीव भारतात दुर्लक्षिण्याजोगी नाही. इशाऱ्याची मर्यादा कडक ठेवल्यास खोटे इशारे वाढतात व घरची माणसे कंटाळून उपकरण बंद करतात. सैल ठेवल्यास खरा धोका निसटतो.

महाराष्ट्रातील सर्वांत बोधप्रद उदाहरण विजेवाचून चालणारे आहे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी, साठपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईंसाठी श्वासमापक तयार केला. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मण्यांच्या दोन ओळी असतात. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, तर न्यूमोनियाची शंका घ्यावयाची. दोन महिन्यांखालील बालकाची मर्यादा ६० व त्यापुढील बालकाची ५० श्वासांची असल्याने ओळी दोन. वाचन, निर्णय व पुढील कृती ही तिन्ही एकाच हालचालीत बसविली आहेत, हे यातील खरे कौशल्य. उपचार करणारी व्यक्ती गावातच असल्याने इशारा वाया जात नसे. याच संस्थेच्या घरोघरी नवजात-सेवेच्या प्रयोगात नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात त्याचे श्रेय संपूर्ण सेवेस आहे, कोणा एका साधनास नव्हे.

बंगळूरमध्ये विकसित झालेले ‘बेंपू’ कंकण याच विचाराचे आहे. कमी वजनाच्या बाळाच्या मनगटावरील तापमान घसरताच ते वाजते. मातेने बाळास छातीशी त्वचेला त्वचा लावून धरावे, एवढाच त्याचा अर्थ.

ठाणे जिल्ह्यात दोन भिन्न गरजा शेजारी-शेजारी आढळतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील सदनिकांत मोबाइलवर इशारा देणारा पायमोजा वापरणे शक्य असते व रुग्णालयही जवळ असते. तथापि अशा साधनांनी निरोगी बालकाचा आकस्मिक मृत्यू टळतो, असे सिद्ध झालेले नाही. अमेरिकन बालरोग अकादमी त्या हेतूने त्यांची शिफारस करीत नाही. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील दूरच्या पाड्यांवर मात्र आशा कार्यकर्तीचा तापमापक, वजनकाटा व घड्याळ हीच मुख्य साधने होत. २०११ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार रुग्णालयात जन्मलेल्या बालकास ती ४२ दिवसांत सहा भेटी देते. दोन भेटींमधील दिवसांत उपयोगी पडणारे उपकरण रोज विद्युत् भारित करावे न लागणारे, मोबाइल-जाळ्यावाचून चालणारे व आंघोळीच्या वेळी काढून पुन्हा सहज बांधता येणारे असावे लागते.