सेकंदाचे पस्तीस तुकडे

‘डूम’ हा खेळ एका सेकंदाचे ३५ तुकडे करतो. खेळाडू पुढे किती सरकला, बाजूला किती गेला, किती वळला आणि कोणतं बटण दाबलं, मुख्यतः एवढंच प्रत्येक तुकड्यात नोंदलं जातं, आणि ती नोंद ८ बाइटांत मावते. चार संगणक जोडून चौघं खेळायला बसले, की तारेतून फिरतात त्या या एवढ्याशा नोंदी. राक्षस, उघडणारी दारं, हवेतले आगीचे गोळे यांतलं काहीच पाठवलं जात नाही. तरीही चौघांच्या पडद्यांवर एकच जग दिसतं, त्याच क्षणी तोच राक्षस कोसळतो. हे कसं जमतं, या प्रश्नाने मला पुरतं धरून ठेवलं.

संपादकांनी मात्र वेगळ्याच कामाला लावलं होतं. तीस वर्षांपूर्वीचा खेळ आजही माणसं घरच्या संगणकावरून, स्वतःचा सर्व्हर चालवून ऑनलाइन खेळतात. तो लोणावळ्यातून चालवून बघा आणि लिहा, असं त्यांचं म्हणणं होतं. वेळ पावसाळ्याची होती. भुशी धरणाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते त्या दिवसांत गावातली माणसं शक्यतो घरीच थांबतात. लोणावळ्याच्या तुंगार्ली भागातल्या घरात लिनक्स टाकलेला एक जुना लॅपटॉप होता. तळेगावचा भाचा आणि जर्मनीतला मावसभाऊ खेळायला तयार होते.

इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ बाजारात आणला. जॉन कारमॅक यांनी त्याचं इंजिन लिहिलं. खेळाडूंनी एकमेकांवरच तुटून पडायच्या प्रकाराला ‘डेथमॅच’ हे नाव त्यांचे सहकारी जॉन रोमेरो यांनी दिलं. सुरुवातीच्या आवृत्तीत नेटवर्कवर प्रत्येक नोंद सगळ्याच यंत्रांना ऐकू जाईल अशी पाठवली जात असे. त्यामुळे काही विद्यापीठांची आणि कंपन्यांची नेटवर्कं तुंबली आणि तिथे खेळावर बंदी आली. २३ डिसेंबर १९९७ रोजी कंपनीने इंजिनचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला आणि १९९९ साली त्याला जीपीएल हा मुक्त परवाना दिला. त्या कोडवरून आजच्या संगणकांसाठी नव्याने बांधलेली जी इंजिनं आहेत, त्यांना सोर्स पोर्ट म्हणतात. कोडसोबत कारमॅक यांनी जोडलेल्या टिपणात, कुणी हौसेने करावीत अशा कामांची यादी होती. इंटरनेटवर खेळता येईल अशी आवृत्ती बनवणं हे त्यातलंच एक काम.

आता त्या ८ बाइटांकडे वळतो. टपालाने बुद्धिबळ खेळणारे दोघं आपापल्या घरी पट मांडतात आणि पोस्टकार्डावर फक्त चाल कळवतात; ‘डूम’चे चार संगणक नेमकं हेच सेकंदाला ३५ वेळा करतात. प्रत्येक यंत्र संपूर्ण जग स्वतःच्या पोटात चालवतं. चौघांच्या चाली हाती आल्या की ते एक तुकडा पुढे जातं. एकाची चाल आली नाही, तर बाकीचे तिघे थांबतात. ८ बाइट गुणिले ३५ म्हणजे एका खेळाडूमागे सेकंदाला २८० बाइट. १९९४च्या मॉडेमलाही हा भार पेलत होता.

अट एकच: सारख्या चालींवरून चारही यंत्रांनी सारखंच जग घडवलं पाहिजे. मग राक्षसाने डावीकडे वळायचं की उजवीकडे, गोळीने किती इजा करायची, या योगायोगाच्या गोष्टींचं काय? त्यांच्यासाठी कोडमध्ये २५६ आकड्यांचा एक ठरलेला तक्ता आहे. योगायोग हवा असला की खेळ त्यातला पुढचा आकडा उचलतो. तक्ता संपला की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येकाचं बोट तक्त्यावर त्याच जागी असतं, म्हणून चारही घरांत राक्षस एकाच बाजूला वळतो. स्थान मोजतानाही दशांशाची तरंगती गणितं टाळून पूर्णांकांवर चालणारी स्थिर पद्धत वापरली आहे. यंत्र कोणतंही असो, उत्तर तेच येतं.

सगळ्यात लोभस आहे तो या व्यवस्थेतला पहारेकरी. त्या ८ बाइटांपैकी २ बाइट खेळाडूच्या चालीचे नसतातच. त्यांत त्याच्या आडव्या स्थानाचा आकडा भरलेला असतो, आणि तोही आकड्याचा शेवटचा, अपूर्णांकाचा भाग. समोरचं यंत्र हा आकडा आपल्या जगातल्या त्याच खेळाडूच्या स्थानाशी ताडून बघतं. तसूभर फरक निघाला, की नोंदी जुळत नाहीत असं सांगून खेळ तिथेच थांबतो. चूक दुरुस्त करायची सोय त्यात नाही. चार माणसं चार वेगळ्या जगांत खेळत राहण्यापेक्षा खेळ बंद झालेला बरा, असा तो निर्णय आहे, आणि मला तो फार प्रामाणिक वाटतो.

याच शिस्तीमुळे १९९४ साली कुणी खेळलेल्या डावाची फाइल आजही जशीच्या तशी बघता येते. तिच्यात चित्रं नसतात, फक्त चाली असतात. सायमन हॉवर्ड यांनी २००५ साली सुरू केलेलं ‘चॉकलेट डूम’ हे पोर्ट मूळ खेळाच्या चुकाही जपून ठेवतं ते यासाठीच. एखादी चूक सुधारली, तर तिच्यावर बेतलेला जुना डाव मधेच भरकटतो.

इंटरनेटवर मात्र ही शिस्त जाचक ठरते, कारण सगळ्यात मंद जोडणी सगळ्यांची गती ठरवते. १९९९ साली सर्गेई माकोव्हकिन या प्रोग्रामरने ‘सीएसडूम’मध्ये रचनाच बदलली. खरं जग एका सर्व्हरवर, आणि खेळाडूंच्या यंत्रांवर त्याची सतत दुरुस्त होणारी प्रत. आजची ‘झँड्रोनम’ आणि ‘ओडामेक्स’ ही पोर्टं याच रचनेवर चालतात. ‘झँड्रोनम’च्या एका सर्व्हरवर ६४ जण खेळू शकतात. आपण पाऊल टाकलं, की सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता आपलं यंत्र आपल्याला पुढे नेतं. सर्व्हरचं मत वेगळं निघालं, तर मागाहून जागेवर आणतं. गोळी झाडली, की सर्व्हर काळ क्षणभर मागे नेऊन बघतो: झाडणाऱ्याच्या पडद्यावर त्या वेळी समोरचा नेमका कुठे होता? निवाडा त्यावर होतो.

सर्व्हर उभा करायला फारसं काही लागत नाही. मूळ खेळाचे नकाशे, चित्रं आणि आवाज यांच्यावर कंपनीचा हक्क आजही आहे, पण ‘फ्रीडूम’ प्रकल्पाने ते सगळं नव्याने घडवून मोफत दिलं आहे. त्यातली ‘फ्रीडीएम’ ही फाइल खास डेथमॅचसाठी आहे. ती सर्व्हरला द्यायची, नकाशा सांगायचा, आणि १०६६६ या क्रमांकाच्या नेटवर्क पोर्टवर सर्व्हर वाट बघत बसतो. खेळणाऱ्या प्रत्येकाकडे सोर्स पोर्टची तीच आवृत्ती आणि तीच फाइल हवी. घरातल्या वायफायवर दोन लॅपटॉप लगेच एकमेकांना सापडले.

घराबाहेरचा भाचा मात्र आत येईना. राउटरवर १०६६६चा रस्ता मोकळा केला होता, लॅपटॉपवर काही अडलेलं नव्हतं. कारण राउटरच्या बाहेरच्या पत्त्यात सापडलं. तो १००.६४पासून १००.१२७पर्यंतच्या पट्ट्यातला होता. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते जगभर संपत आले आहेत. म्हणून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या पुष्कळ घरांना मिळून एक खरा पत्ता देतात आणि प्रत्येक घराला या राखीव पट्ट्यातला आतला क्रमांक देतात. २०१२ साली हा पट्टा त्याच कामासाठी ठेवला गेला. अशा घरातून बाहेर जाता येतं, व्हिडिओ दिसतात, पैसे पाठवता येतात. बाहेरून कुणी आपण होऊन त्या घराचं दार वाजवू शकत नाही. सर्व्हर म्हणजे तर दार वाजण्याची वाट बघणारं यंत्र.

यावर उपाय आहेत. महिन्याला वेगळे पैसे भरून स्थिर सार्वजनिक पत्ता घेता येतो. मित्रांपुरतं वायरगार्डसारखं खासगी जाळं विणता येतं, पण त्यासाठीही सार्वजनिक पत्त्याचं एखादं यंत्र कुठेतरी लागतं. मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये छोटा सर्व्हर भाड्याने घेता येतो. आम्ही हा शेवटचा मार्ग धरला, आणि भाचा मिनिटभरात आत आला. पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही६मध्ये, पत्त्यांचा तुटवडा नाही आणि त्याच्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. पण ‘चॉकलेट डूम’ ज्या एसडीएल नेट लायब्ररीच्या जुन्या पिढीवर उभं आहे, तिला आयपीव्ही६ कळत नाही. जुन्या कोडला नवे पत्ते शिकवायचं काम कुणीतरी फुरसतीच्या वेळात करायचं आहे.

जर्मनीचं अंतर मात्र पैशांनी कमी होत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट हे सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद तरी हवेतच, आणि समुद्राखालची केबल वळसे घेते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. ‘डूम’चा एक तुकडा साडेअठ्ठावीस मिलिसेकंदांचा. मावसभाऊ आमच्या कित्येक तुकडे मागे राहून खेळत होता. सर्व्हर त्याच्या बाजूने निवाडा करायचा, तेव्हा भाचा ओरडायचा, “मामा, मी भिंतीआड गेलो होतो, तरी मेलो!” दोघांचंही खरं होतं. दोन ठिकाणचे दोन क्षण एक मानायचे, तर कुणावर तरी एवढा अन्याय होणारच.

त्यात पावसाने वीज गेली, की इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि राउटर चालू राहतात, पण रस्त्यावरच्या खांबावरची पेटी बंद पडते आणि फायबर मुकं होतं.

हे सगळं सोसूनही मला या धडपडीचं मोल वाटतं. ३१ मे २०१४ रोजी गेमस्पाय ही सेवा बंद झाली, तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेल्या कितीतरी खेळांचं ऑनलाइन खेळणं अडलं, कारण त्यांचे सर्व्हर खेळणाऱ्यांच्या हाती नव्हते. ‘डूम’ त्या वाटेने गेला नाही. त्याचा कोड खुला होता, आणि कुणीही आपल्या घरात त्याचा सर्व्हर चालवू शकत होतं. काळजी या दुसऱ्या गोष्टीची आहे. लोणावळ्यात घरोघरी फायबर आलं, वेग कितीतरी पटींनी वाढला, आणि त्याच वेळी घरं फक्त घेणारी झाली. शाळेतल्या मुलीने वर्गासाठी खेळाचा सर्व्हर चालवावा, कॉलेजच्या मुलाने स्वतःचं संकेतस्थळ घरातून जगाला दाखवावं, यासाठी आज आधी परवानगी आणि पैसे लागतात. नवीन जोडणी घेताना आपण वेग आणि दर विचारतो. सार्वजनिक पत्ता मिळेल का आणि आयपीव्ही६वर बाहेरून आत येता येईल का, हेही तेव्हाच विचारावं. गिऱ्हाईकं विचारू लागली, तरच कंपन्यांना ते द्यावंसं वाटेल.