वेताची बाग : घाई करणाऱ्याचा हा धंदा नव्हे

वेताची खुर्ची, पाळणा, टोपली आपण रोज पाहतो. विणणारे कारागीर आपल्यातही आहेत. पण हा माल उगवतो कसा, हे दुकानदाराला विचारले तर बहुधा ‘बांबूसारखाच’ असे उत्तर मिळते. ते चूक आहे. बांबू हे गवत, तर वेत हा ताडाच्या कुळातला वेल. बांबू पोकळ, वेत भरीव. म्हणूनच तो वाकतो, पण मोडत नाही. आकड्यासारख्या काट्यांनी तो झाडाला धरून उजेडाकडे चढतो.

जात पाहून लावा

व्यापाराच्या दृष्टीने वेताचे दोन प्रकार लक्षात ठेवावेत. मलाया व सुमात्राकडचा ‘मनान’ जाड असतो आणि फर्निचरच्या सांगाड्याला चालतो. पण त्याला एकच खोड. तोडले की झाड संपले. दुसरा ‘सेगा’. हा बारीक, चकचकीत, विणकामाचा. तो बेटाने वाढतो. पक्की खोडे काढून कोवळी राखली, तर तेच बेट वर्षानुवर्षे माल देते. पहिल्यात मुद्दलच खर्ची पडते, दुसऱ्यात मुद्दल राखून नफा घेता येतो.

लागवड

वेताची नर व मादी झाडे वेगळी असतात. फळ फक्त मादीला येते, म्हणून बियाण्यासाठी दोन्ही हवीत. पिकलेल्या फळाची खवल्यांची साल व गर पाण्यात चोळून काढावा आणि बी लगेच पेरावे. वाळवून साठवलेले बी उगवत नाही; इथेच बरेच जण फसतात. रोपे सावलीत, ओलाव्यात वाढवून साधारण वर्षाची झाली की पावसाच्या सुरुवातीला लावावीत. त्यांना अर्धी सावली आणि चढायला मजबूत झाड लागते. रबराच्या बागेतही वेत लावतात. सेगाची पहिली तोड सात ते दहा वर्षांनी, पुढे दर काही वर्षांनी मिळते.

तोडीनंतर काटेरी आवरण लगेच सोलावे. ओला वेत पडून राहिला तर बुरशीचे निळे डाग पडतात आणि भाव उतरतो. जाड वेत डिझेल-रॉकेलच्या मिश्रणात उकळून मग वाळवतात. बारीक वेत धुऊन वाळवतात व गंधकाची धुरी देतात.

कालिमंतानचा धडा

इंडोनेशियात मध्य कालिमंतानचे शेतकरी एकोणिसाव्या शतकापासून सेगा लावत आले. भाताचे पीक काढून जमीन मोकळी सोडताना तिथे वेत लावायचा आणि काही वर्षांनी परत यायचे, अशी त्यांची रीत. 1986 मध्ये सरकारने कच्च्या वेताची निर्यात बंद केली. हेतू चांगला होता : माल देशातच विणला जावा, कारागिरांना काम मिळावे. पण बाहेरचे गिऱ्हाईक तुटल्याने बागवाल्याचा भाव पडला. पुढे अनेकांनी वेत काढून रबर किंवा तेलताड लावला. मधल्या काळात बंदी सैल झाली, 2012 पासून ती पुन्हा आली. कारागिराचे भले करताना बागवाल्याला बुडवले, तर शेवटी कारागिराच्या हातातला मालही जातो, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे

सह्याद्रीतही वेताच्या जाती आहेत. केरळात पीची येथील वन संशोधन संस्थेने वेताच्या लागवडीवर काम केले आहे. कोकणात सावली-पाण्याची जागा असलेल्यांनी तिथे चौकशी करावी. मात्र एक खबरदारी घ्यावी. 2017 मध्ये भारतीय वन अधिनियमातील ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला, वेत वगळला गेला नाही. म्हणून रोपे लावण्याआधीच तोड व वाहतुकीच्या परवान्याबाबत वन खात्याला विचारून घ्यावे. नाहीतर दहा वर्षे सबर करून उभा केलेला माल नाक्यावर अडकून पडेल.

बापाने लावावे, मुलाने विणावे, असे हे पीक आहे. चार बेटे लावून सुरुवात करायला मात्र फारसे भांडवल लागत नाही.