सायकलवरचा वीर

श्रोतेहो, वेताळ हे नाव आपल्या गावांना नवे नाही. शिवेवरचा शेंदूर फासलेला तो दगड गावाची राखण करतो, अशी जुनी श्रद्धा आहे. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून ली फॉक या अमेरिकी लेखकाचा फँटम मराठीत आला, तो याच नावाने. म्हणून मुलांना तो परका वाटला नाही. १९९० साली ही पुस्तके बंद झाली. पण वीर म्हणजे मुखवटा घातलेला, बलदंड, कधीही न हरणारा गडी, हे चित्र मात्र मनात राहून गेले.

आजची मुले मोबाइलवर जपानी चित्रकथाही वाचतात. त्यांना 'मांगा' म्हणतात आणि त्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. 'वन पंच मॅन' ही त्यांतलीच एक. 'वन' असे टोपणनाव घेतलेल्या लेखकाने २००९ साली ती इंटरनेटवर लिहावयास घेतली. २०१२ पासून युसुके मुराता यांनी ती नव्याने चितारली.

तिचा नायक साइतामा. डोक्यावर एक केस नाही! तीन वर्षे रोज शंभर जोर, शंभर बैठका आणि दहा किलोमीटर धाव, एवढ्यावर त्याच्या अंगी असे बळ आले की एका ठोशात राक्षस गारद. पण वीरांच्या परीक्षेत मैदानी चाचणीला पैकीच्या पैकी आणि लेखीला बेताचेच गुण. म्हणून बसला शेवटच्या, 'सी' वर्गात. असे विद्यार्थी शिक्षकबंधूंच्या ओळखीचे असतीलच.

त्याच वर्गात मुमेन रायडर नावाचा दुसरा एक वीर आहे. मुमेन म्हणजे बिनपरवान्याचा. बरोबरच आहे, त्याचे वाहन सायकल! अंगात विशेष शक्ती अशी काहीच नाही.

एकदा समुद्राचा राजा म्हणवणारा राक्षस शहरावर चालून येतो. लोक निवाऱ्यात कोंडलेले, बाहेर पाऊस. भले भले वीर आडवे होतात. तेव्हा हा सायकलवाला येतो. आपण जिंकणार नाही हे त्याला पुरते ठाऊक असते. तरी तो उभा राहतो, मार खातो, पुन्हा उठतो. शेवटी तो कोसळतो, तेव्हा साइतामा त्याला सावरतो आणि एका ठोशात राक्षसाचा निकाल लावतो.

खरी गोष्ट तर पुढेच आहे. गर्दीतला एक जण म्हणतो, एकानेच काम झाले, मग हरलेले ते बाकीचे काय कामाचे? त्यावर साइतामा सांगतो की, राक्षसाला आधीच्यांनी जेरीस आणले होते, मी फक्त आयते श्रेय घेतले. हे खरे नव्हे. पण पडलेल्यांचा मान राहावा म्हणून तो स्वतः लबाड ठरतो.

आता आपल्याकडे पाहा. सेलूहून वर्ध्याकडे निघाले की वाटेत पवनार लागते. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी तेथे युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला. पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांना निवडले होते. चारच दिवसांनी अटक झाली. एका माणसाच्या भाषणाने महायुद्ध थांबत नसते, हे कोणालाही कळत होते. तरी कोणीतरी उभे राहून बोलणे जरूर होते.

शिक्षकबंधूंनो, या कथेत मारामारी व रक्त पुष्कळ आहे, तेव्हा लहानांच्या हाती ती देऊ नये. पण सातवी-आठवीच्या मुलांना ही गोष्ट तोंडी अवश्य सांगा. सायकलवाला कोसळला की तिथेच थांबा आणि विचारा: हा हरणारच होता, मग आला कशाला? उत्तर तुम्ही देऊ नका, मुलांनाच बोलू द्या. जिंकणाऱ्यालाच काय ती किंमत, असे ज्या मुलाच्या मनात बसते, ते एकदा नापास झाले की पाटी टाकून देते. पुढे गावावर पुराचे वा आगीचे संकट आले, तर 'माझ्याने काय होणार' म्हणून घरी बसते. तुमच्या वर्गातही असा एखादा सायकलवाला असेल. निकालाच्या दिवशी त्याचेही नाव घ्या.