वज्रेश्वरीच्या बावन्न पायऱ्या

वज्रेश्वरीची देवी मी पहिल्यांदा पाहिली ती बाबांच्या पाठीवरून. तेव्हा मी चार वर्षांची असेन. बाबा भिवंडीत माग चालवायचे. रातपाळी संपली की घरी येऊन तोंडावर पाणी मारायचे, मला उचलायचे आणि एसटी पकडायचे. शेलार, अनगाव, अंबाडी करत आम्ही वज्रेश्वरीला पोहोचायचो. दगडी पायऱ्या सुरू झाल्या की ते खाली वाकत म्हणायचे, "घट्ट धर गं." मी त्यांच्या शर्टाला चिकटलेले सुताचे तंतू वेचत वर जायचे.

१९७५ साली, दीड वर्षाची असताना, मला पोलिओ झाला. ताप उतरला, पण दोन्ही पाय लुळे पडले. उजवा पुढे थोडा सावरला, डावा नाही. आईने नवस बोलला तो याच देवीला. मी दहा वर्षांची होईपर्यंत बाबांनी मला दर वर्षी वर नेलं. मग त्यांची कंबर धरली आणि माझं वर जाणं थांबलं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. आई-बाबा वर जायचे, मी खाली हार-नारळाच्या दुकानाशेजारी बसायचे. आई येताना कुंकू आणि प्रसाद आणायची. "देवीला सांगितलंय तुझं," म्हणायची. मला माझं मीच सांगायचं होतं. ते आईला कसं समजवावं, हे मला सुचायचं नाही.

१९९३ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, मी स्वतःच चढायचं ठरवलं. कुबड्या धाकट्या भावाकडे दिल्या. पहिल्या पायरीवर देवळाकडे पाठ करून बसले, हात मागच्या पायरीवर टेकले आणि अंग वर ओढलं. मग एकेक पाय हाताने उचलून वर घेतला. ही झाली एक पायरी. अशा बावन्न.

या पायऱ्यांपैकी एकीवर सोनेरी कासव कोरलेलं आहे. कूर्मावतार म्हणून भाविक त्याची पूजा करतात. बाबांच्या पाठीवरून ते मला कधी दिसलंच नव्हतं. त्या दिवशी ते हाताला लागलं. त्याच्या शेजारी मी दम खात बसले होते, तेव्हा वरून उतरणाऱ्या एका बाईंनी माझ्या मांडीवर रुपयाचं नाणं ठेवलं आणि त्या पुढे निघून गेल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण माझ्या हातातली ओटी त्यांना दिसली नाही. दर्शनाला आलेली बाई पायरीवर बसलेली असू शकते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. तळहात सोलवटून पाऊण तासाने मी वर पोहोचले आणि ते नाणं दानपेटीत टाकलं.

पुढे मी या देवळाची माहिती मिळेल तिथून गोळा करू लागले. वज्रेश्वरी आमच्या भिवंडी तालुक्यातच, तानसा नदीच्या काठी आहे. अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं जवळच आहेत. देवीचं जुनं ठाणं गुंज इथे होतं, असं सांगतात. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला की किल्ला हाती आला, तर तुझं देऊळ बांधीन. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी वसई सोडली आणि नवस फेडला गेला. म्हणून या देवळाचा नगारखाना वसईच्या किल्ल्याच्या दरवाजासारखा आहे आणि भोवती दगडी तट आहे. किल्ला बांधतात तो कुणी सहजासहजी आत येऊ नये म्हणून. माझ्यासारखीला हे देऊळ किल्ल्यासारखं वाटलं, त्यात नवल नाही.

पण मला थांबवून धरलं ते आणखी एका माहितीने. देवळापुढची दीपमाळ बडोद्याच्या गायकवाडांची, आणि या दगडी पायऱ्या नाशिकच्या नानासाहेब चांदवडकर नावाच्या सावकारांनी बांधून दिलेल्या. म्हणजे ज्या पायऱ्यांनी मला इतकी वर्षं खाली बसवलं, त्या कुणीतरी लोकांच्या सोयीसाठी बांधल्या होत्या! टेकडी चढताना म्हाताऱ्याकोताऱ्यांचा, लेकुरवाळ्यांचा पाय घसरू नये, म्हणून कुणाच्या तरी मनात आलं, त्यांनी पदरचा पैसा घातला आणि ती देवीची सेवा ठरली. पायरी ही त्या काळची सोय होती. आजची सोय रॅम्प आहे, लिफ्ट आहे. रॅम्प म्हटलं की "जुन्या वास्तूचं रूप बिघडेल" असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते, की ही परंपरा चांदवडकरांपासूनचीच आहे.

हे सोपं आहे, असं मी म्हणत नाही. मी एका कापड गोदामात हिशेब लिहिते, त्यामुळे आकडेमोडीची सवय आहे. एक पायरी सहा इंचांची धरली, तर बावन्न पायऱ्यांची उंची २६ फूट होते. व्हीलचेअरसाठी उताराचं प्रमाण एकास बारा लागतं. एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे ३१२ फुटांचा रॅम्प हवा, शिवाय दर ९ मीटरला दम घ्यायला सपाट टप्पा आणि दोन्ही बाजूंना कठडे. त्याहून उभा रॅम्प बांधला, तर व्हीलचेअर ढकलणाऱ्याचे हात भरून येतात आणि उतरताना खुर्ची हातातून सुटण्याची भीती असते. केवळ दाखवायला बांधलेला रॅम्प पायरीहून घातक असतो. एवढ्या उंचीला लिफ्ट किंवा ट्रॉली बरी. वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ पासून रुळांवरून चढणारी फ्युनिक्युलर ट्रॉली चालते आहे. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसला सुमारे अडीच हजार वर्षं झाली. तिथेही २०२० मध्ये कड्याला लागून नवी लिफ्ट बसवली गेली.

आपल्याकडे मोठा पाहुणा आला, की सोय चटकन होते. २००१ च्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग मुंबईतल्या परिषदेसाठी आले आणि नंतर दिल्लीला गेले. त्यांना वास्तू पाहता याव्यात म्हणून कुतुबमिनार, जंतरमंतर अशा ठिकाणी तात्पुरते लाकडी उतार लावले गेले. एका माणसासाठी होतं ते सर्वांसाठीही होऊ शकतं, हे त्या दिवशी सिद्ध झालं. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती आहेत, त्यांतल्या २९ लाखांहून जास्त महाराष्ट्रात.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या आहे, तीत धार्मिक कार्यासाठी लोक जिथे जातात त्या इमारतीही येतात, मग त्या सरकारी असोत की खासगी. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. मी एखाद्या देवस्थानावर बोट ठेवत नाही. बहुतेक जुन्या देवळांची, गडांची, लेण्यांची गोष्ट हीच आहे.

पायऱ्या चढून झाल्यावरही एक अडचण उरते, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माझ्या डाव्या पायाला कॅलिपर आहे. त्याच्या लोखंडी पट्ट्या चामड्याच्या बुटात बसवलेल्या असतात. बूट काढला की कॅलिपर निघतो, आणि कॅलिपर निघाला की मी उभी राहू शकत नाही. एका देवळात मला गाभाऱ्याच्या दाराशी अडवलं, "चप्पल-बूट बाहेर." तिथे मी रांगत दर्शन घेतलं. घरी येऊन कोऱ्या कापडाच्या चिंध्यांतून बुटाला आणि कुबड्यांच्या टोकांना खोळी शिवल्या. आता दाराशी त्या चढवते, म्हणते, "बघा, स्वच्छ आहे." बहुतेक जण आत सोडतात. व्हीलचेअरच्या चाकांसाठी ओलं फडकं दाराशी ठेवलं, तरी काम भागतं. याला काही खर्च येत नाही.

बाहेर पडू पाहणाऱ्या माझ्यासारख्यांना माझं एवढंच सांगणं आहे. निघण्याआधी फोन करा. पायऱ्या किती, कठडा आहे का, गाडी कुठपर्यंत येते आणि कमोडचं शौचालय आहे का, हे विचारून घ्या. आम्ही बायका शौचालय नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाही, ते करू नका. चैत्र अमावास्येच्या जत्रेत, नवरात्रात गर्दी फार असते. साध्या दिवशी सकाळी लवकर जा. कुंडांपाशी पायऱ्या ओल्या असतात, तिथे कुबडी घसरते.

आणि धडधाकट माणसांना विनंती, की मदत करण्याआधी विचारा. कुबडी धरलेला हात ओढू नका, त्या हातावरच आमचा सगळा तोल असतो. व्हीलचेअर न सांगता ढकलू नका. अंध माणसाला तुमचा कोपर धरू द्या आणि कोरीव काम शब्दांत सांगा.

बाबा आता नाहीत. बाजूला दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून मी वज्रेश्वरीला जाते. पन्नाशी उलटली, खांदे दुखतात, हातांवर बावन्न पायऱ्या चढणं आता व्हायचं नाही. पण माझ्यासारख्या कुठल्याही मुलीला बापाची कंबर साथ देईल तेवढीच वर्षं देवी दिसावी, हे मला मान्य नाही. पुढच्या वेळी कुठल्याही देवळात देणगीची पावती फाडाल, तेव्हा त्यावर लिहून द्या, "रॅम्पसाठी" किंवा "लिफ्टसाठी". पायऱ्यासुद्धा अशाच कुणाच्या तरी दानातून झाल्या आहेत.