हवेत सगळ्याच फिरतात

दुकानदार ड्रिल मशीन दाखवतो ती हवेत फिरवून. घोडा दाबला की घर्र आवाज होतो, आपण मान डोलावतो, खोक्यावरचे वॉट वाचतो आणि पैसे मोजतो. मी दोनदा असाच फसलो. मग आमच्या गल्लीतले आर्मेचर भरणारे काका म्हणाले, "हवेत काय, पंखाही फिरतो. भिंतीत घालून बघा!"

खोक्यावरचे ६०० वॉट ही मशीनची भूक असते, कमाई नव्हे. त्यातली बरीच वीज तार तापवण्यात, थंडाव्याच्या पंख्यात आणि गिअरच्या घासण्यात जाते. शिवाय आत असते युनिव्हर्सल मोटर. ती मोकळी असली की उधळते, भार आला की मंदावते. म्हणून प्रयोगशाळेत चकच्या बाजूने ब्रेक लावून भार वाढवत नेतात आणि फेरे किती पडले, अँपिअर किती चढले, वाइंडिंग किती तापलं हे टिपतात.

जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने हातात धरायचं विजेचं ड्रिल केलं १८९५ साली. पिस्तुलासारखी मूठ आणि घोडा यांचं अमेरिकी पेटंट ब्लॅक अँड डेकरला मिळालं १९१७ मध्ये. आपले कारागीर आजही त्या खटक्याला घोडाच म्हणतात.

विजेच्या हातयंत्रांच्या आयईसी ६०७४५ या जुन्या मानकातली टिकाऊपणाची चाचणी वाचली तेव्हा मला हसू आलं. ठरलेल्या व्होल्टेजच्या १.१ पट दाबावर २४ तास, मग ०.९ पट दाबावर २४ तास. १०० सेकंद चालू, २० सेकंद बंद. म्हणजे १४४० वेळा चालू-बंद, आणि तेही भाराविना. म्हणजे इथेही हवेतच! पण ते मानक आहे सुरक्षिततेचं. छिद्र किती झटपट पडतं हा त्याचा प्रश्नच नाही. धरणाऱ्याला धोका आहे का, हे ते विचारतं. त्यासाठी मशीन १ मीटरवरून काँक्रीटवर ३ वेळा टाकतात. कवच तडकलं तरी चालेल, पण वीज असलेला भाग उघडा पडता कामा नये. मशीनवरच्या माहितीच्या पट्टीवर चौकोनात चौकोन दिसला तर इन्सुलेशन दुहेरी आहे, अर्थिंगची तार लागत नाही.

काकांच्या फळीवर मुलुंडच्या रालीवुल्फची आणि शिरोळच्या केपीटीची जुनी यंत्रं असतात. त्यांची परीक्षा कार्बन ब्रशपासून सुरू होते. फटीतून बघतात: ठिणगी बारीक, निळसर हवी. कॉम्युटेटरला वेढा घालून पिवळी ठिणगी फिरली की आर्मेचर गेलं समजायचं. मग चकमध्ये सरळ सळई धरून डायल गेज लावतात. चक डुलत असेल तर ६ मिलिमीटरचं बिट मोठं भोक पाडतं, गिट्टी सैल बसते आणि कपाट महिन्याभरात लोंबतं. गिऱ्हाईक मात्र सुताराला शिव्या घालतं.

इम्पॅक्ट ड्रिलच्या बाबतीत लोकांची फसगत जास्त. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून उड्या मारतात. विटेच्या भिंतीला पुरतं. स्लॅब किंवा बीम म्हटलं की पिस्टनवाली हॅमर मशीनच लागते, तिथे इम्पॅक्टवर छातीने रेटून उपयोग नाही.

परवा मी तिसरी मशीन घेऊन गेलो. काकांनी दुकानाच्या मागच्या भिंतीत सलग १० भोकं पाडली, फटीला नाक लावून वार्निश जळल्याचा वास येतोय का पाहिलं, मग गिअरच्या घरावर माझाच तळहात दाबून धरला.

"ठेवता येतोय ना? मग घेऊन जा."