स्प्रिंग कडक केली, मग डॅम्परचं काय?

वळणावर पोलो जीटी झुकते म्हणून बरेच जण आधी गाडी खाली करणाऱ्या कडक स्प्रिंगा बसवतात. आता गणित बघा. कडकपणा दुप्पट केला की कंपनाची वारंवारता १.४१ पट होते. डॅम्पर मात्र जुनाच असेल, तर डॅम्पिंग रेशो समजा ०.३ होता, तो ०.२१ वर येतो. म्हणजे खड्ड्यानंतर गाडी जास्त वेळा उसळणार, आणि उसळत्या गाडीच्या टायरला सलग पकड कुठली मिळायला? शिवाय पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये गाडी उतरवली की रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातं. झुकवणारी तरफेची भुजा उलट लांबते! रोजच्या रस्त्यासाठी मी आधी टायर बदलेन. त्यानंतर स्प्रिंग-डॅम्पर, पण जोडीनेच. दोन्ही पायऱ्या एकाच दिवशी उरकू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.